घरचे विमान आणि पत्र्याचे धडे

विमान ही सरकारने किंवा बड्या कंपनीने बांधायची वस्तू, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेत मोटार ठेवायच्या खोलीत, परसातल्या शेडमध्ये, सुट्टीच्या दिवशी आणि रात्रीच्या जेवणानंतर काम करून हजारो माणसांनी एक-दोन आसनांची विमाने बांधली आहेत आणि त्यांत बसून ती उडवलीही आहेत. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे अशा हौशी विमानकारांची एक संघटना काढली. तिकडचा नियम असा की, विमानाच्या घडणीचा अर्ध्याहून मोठा भाग हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी अगर करमणुकीसाठी केलेला असेल, तर 'प्रायोगिक' या वर्गात त्या विमानाची नोंद होऊ शकते. मात्र 'प्रायोगिक' हा शब्द विमानावर ठळक अक्षरांत लिहावा लागतो. बसणाऱ्याने तो वाचावा आणि मग बसावे!

आपल्याकडेही उदाहरण आहे. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली मुंबईत भरलेल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली.

आम्ही स्वतः विमानकार नव्हे. इंजिनिअरिंग कारखान्यांतील कामगारांची संघटना बांधणे हा आमचा उद्योग. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. मग हा विषय आम्ही का घ्यावा? त्याचे कारण आहे. कारखान्यात एखादा जॉब बिघडला की बिघाड धातूचा, यंत्राचा, माणसाचा की माणसाला घाई करणाऱ्याचा, हे उलगडणे कठीण जाते. घरी विमान बांधणारा मनुष्य मात्र एकटाच मालक असतो, एकटाच कामगार, एकटाच तपासनीस. आणि अखेरीस त्या विमानात बसणारा पहिला उतारूही तोच. त्यामुळे धातुकामातली चूक कशी होते, का होते आणि ती झाकली तर काय होते, हे तेथे आरशासारखे स्वच्छ दिसते.

पहिले विमानही घरचेच

राइट बंधूंचे १९०३ चे विमान हेही एका अर्थी घरीच बांधलेले. डायटन गावातले त्यांचे सायकलींचे दुकान हाच त्यांचा कारखाना. विमानाचा सांगाडा लाकडाचा, वर कापड. परंतु इंजिन आणि पंखे फिरवणारे दांडे धातूचे. ते इंजिन त्यांचा कारागीर चार्ली टेलर याने एक लेथ आणि एक ड्रिल एवढ्या सामग्रीवर सुमारे सहा आठवड्यांत केले. क्रँकशाफ्टसाठी त्याने पोलादाचा जाड तुकडा घेतला, त्यावर आकृती आखली, रेषेला लागून भोकांची रांग पाडली, छिन्नीने नको असलेला भाग उडवला आणि उरलेले लेथवर चढवले. आमच्याकडचा कोणताही जुना टर्नर हे ऐकून मान डोलावील.

पण खरा धडा पुढे आहे. नोव्हेंबर १९०३ मध्ये समुद्रकाठच्या किटी हॉक येथे इंजिन चालवून पाहताना ते धक्के देऊ लागले आणि पंख्यांचे दांडे निकामी झाले. दांडे पोकळ नळीचे होते. ते डायटनला पाठवून टेलरकडून नीट करून आणले, तरी महिनाअखेर त्यांतल्या एकाला पुन्हा चीर गेली. थंडी वाढत होती, हंगाम संपत आला होता. चीर लहान आहे, आजचा दिवस भागवू, असे म्हणण्याचा मोह कोणालाही झाला असता. ऑर्व्हिल राइट यांनी तसे केले नाही. ते आगगाडीने शेकडो मैल मागे डायटनला गेले, स्प्रिंगच्या पोलादाचे भरीव दांडे करवून घेतले आणि ११ डिसेंबरला परतले. १७ डिसेंबरला विमान उडाले. पहिले उड्डाण बारा सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते, हे सर्वांना ठाऊक असते. त्या बारा सेकंदांच्या आधी चीर गेलेला दांडा फेकून देण्याचे धैर्य दाखवावे लागले होते, हे मात्र सांगितले जात नाही.

त्या चार्ली टेलरची अखेर कशी झाली तेही सांगितले पाहिजे. म्हातारपणी तो कॅलिफोर्नियात एका धर्मादाय रुग्णकक्षात हलाखीत पडलेला आढळला. तेव्हा कुठे विमानधंद्यातल्या लोकांनी त्याची सोय केली. १९५६ साली तो वारला. असो.

धातूला स्वभाव असतो

पुण्याच्या तांबट आळीत उभे राहिले तर मठारकामाचा ठोका ऐकू येतो. मठारल्याने भांड्यावर नक्षी उठते, चकाकी येते, एवढेच आपण पाहतो. तांबट याहून अधिक जाणतो. ठोक्यांनी तांबे कडक होत जाते. भांड्याला मजबुती येते ती त्यामुळे. परंतु ठोकत राहिले तर ते इतके कडक होते की फाटते. म्हणून घडवताना मध्येच ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करून घ्यावे लागते. धातू हा मातीच्या गोळ्यासारखा मुका नसतो. त्याच्यावर पूर्वी काय काय गुजरले, याची तो आठवण ठेवतो.

विमानाचा पत्रा याच कुळातला, पण अधिक तिखट स्वभावाचा. निव्वळ ॲल्युमिनिअम मऊ असते. आपल्या डब्याच्या झाकणाला सहज पोचा येतो तो त्यामुळे. १९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड व्हिल्म या संशोधकाला एक नवल आढळले. थोडे तांबे व मॅग्नेशिअम मिसळलेले ॲल्युमिनिअम तापवून पाण्यात बुडवले, तर ते लगेच कडक होत नाही. पण नुसते ठेवून दिले की एक-दोन दिवसांत आपोआप कडक होते. या शोधातून ड्युराल्युमिन निघाले आणि त्याच वंशातला, सुमारे साडेचार टक्के तांबे असलेला पत्रा आज घरगुती विमानांच्या अंगावर असतो. त्याची जाडी किती? पुष्कळ ठिकाणी अर्धा ते पाऊण मिलिमीटर. पोस्टकार्डाच्या दोन-तीन पट, एवढीच.

येथेच पहिली चूक होते. लोखंडकामाची सवय असलेला मनुष्य पत्रा वाकत नाही असे पाहून त्याला गॅसची ज्योत दाखवतो. लोखंड त्याने वळते. या पत्र्याचे मात्र त्या जागी सारे सत्त्व निघून जाते. दिसायला तो तसाच राहतो, पण बळ उतरलेले असते. बाहेरून कोणालाही कळत नाही. धातुकामातल्या सर्वांत वाईट चुका या अशा, न दिसणाऱ्या असतात.

दुसरी चूक खुणेची. लोखंडावर आपण पोलादी सुईने रेघ ओढतो. या पत्र्यावर ती रेघ म्हणजे ओरखडा, आणि ओरखडा म्हणजे पुढच्या चिरेची सुरुवात. बरे, पेन्सिल वापरावी, तर तिच्यातले शिसे म्हणजे वस्तुतः ग्रॅफाइट. ते ॲल्युमिनिअमला लागून राहिले आणि दमट हवा मिळाली की पत्रा तेथे कुरतडला जातो. म्हणून जाणते लोक बारीक टोकाचे शाईचे मार्कर वापरतात. पुष्कळ पत्र्यांना दोन्ही अंगांनी शुद्ध ॲल्युमिनिअमचा पातळ थर दिलेला असतो. तो गंजापासून राखण करतो. पॉलिश पेपरने घासून पत्रा 'स्वच्छ' करणारा उत्साही मनुष्य ती राखणच खरवडून काढतो.

भोक, कड आणि वाक

दोन आसनांच्या पत्र्याच्या विमानात दहा हजारांहून अधिक रिव्हेट बसतात. म्हणजे तितकी भोके. भोक पाडणे यात कसली विद्या, असे वाटेल. विद्या आहे.

सव्वातीन मिलिमीटरचा रिव्हेट घेऊ. त्याचे भोक त्याहून केसभर मोठे हवे. अधिक मोठे झाले तर रिव्हेट फुगून ते भरू शकत नाही, आणि सांधा आतल्या आत हलत राहतो. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट, म्हणजे साडेसहा मिलिमीटर आत हवा. त्याहून कडेला गेले की जोर येताच पत्रा तेथून फाटतो. वहीचा कागद फाइलच्या भोकातून फाटतो तसा. आत लपलेल्या आडव्या पट्टीवर, वरच्या पत्र्यातून, अंदाजाने भोके मारत जाणे आणि मग पट्टी काढून पाहावे तर भोके तिच्या अगदी कडेला गेलेली, ही नवख्यांची नेहमीची चूक. म्हणून एकदम सगळी भोके पूर्ण मापाची पाडत नाहीत. आधी लहान मापाची पाडतात, तात्पुरत्या चिमट्यांनी पत्रे एकमेकांना धरून ठेवतात, सारे जुळले याची खात्री करतात आणि मग माप पुरे करतात. लग्नाआधी पत्रिका पाहावी तसे हे आहे. फरक इतकाच की येथे मापे खरोखर पाहतात!

ड्रिल आरपार गेले की भोकाच्या पलीकडच्या कडेला धारदार किनार उठते. कामगार तिला बर म्हणतात. ती काढली नाही तर दोन पत्रे एकमेकांना सपाट टेकत नाहीत. पत्र्याच्या कापलेल्या कडांचेही तेच. कात्रीने कापलेली कड भिंगाखाली पाहिली तर करवतीच्या दातांसारखी दिसते. ती आधी कानशीने आणि मग पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी लागते, आणि पेपर फिरवायचा तो कडेच्या लांबीने. आडवा फिरवला तर आपण हाताने शेकडो सूक्ष्म चिरा पाडून ठेवतो.

याचे कारण समजण्यास प्रयोगशाळा नको. कापडवाल्याचे दुकान पुरे. तो मीटरवर कापड मोजतो, कडेला कात्रीने अर्ध्या बोटाचा छेद देतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. छेद न देता फाडून पाहा, हात दुखतील. सगळा जोर त्या एका टोकाशी गोळा होतो, हे त्यामागचे तत्त्व. पत्र्यावरचा ओरखडा, बर, खडबडीत कड ही सारी त्या कात्रीच्या छेदाची भावंडे.

वाकवण्याचेही असेच. कागदाला घडी घालावी तशी या पत्र्याला काटकोनात तीक्ष्ण घडी घालता येत नाही. बाहेरच्या अंगाला तो ताणला जातो आणि फुटतो. म्हणून वाक गोलसर ठेवावा लागतो. त्याची त्रिज्या पत्र्याच्या जाडीच्या साधारण तिप्पट-चौपट. शिवाय पत्रा लाटताना त्याला लाकडासारखी एक रेषा आलेली असते. वाक त्या रेषेला आडवा असेल तर तो अधिक सोसतो. दोन वाक जेथे एकमेकांना भेटतात त्या कोपऱ्यात आधी एक गोल भोक पाडून ठेवतात, नाही तर कोपऱ्यातून चीर निघते. आणि चुकून उलट्या बाजूला वाकवलेला तुकडा पुन्हा सरळ करून वापरणे सर्वथा वर्ज्य. तार मागे-पुढे वाकवून तोडण्याचा खेळ लहानपणी सर्वांनी केलेला असतो, तोच हा.

वाकवण्यात आणखी एक चूक होते, ती हाताची नसून डोक्याची. पंखाला डावी-उजवी बाजू असते. एक भाग झकास जमला, म्हणून त्याच उमेदीत दुसराही तसाच केला. जोडायला घेतले तेव्हा कळले की हातात दोन डावे आहेत. ही चूक इतकी सर्वत्र होते की घरी विमान बांधणाऱ्यांत तिच्यावर विनोद चालतात. उपाय साधा: पहिला तुकडा कापण्यापूर्वी दोन्ही तुकडे आखून समोरासमोर ठेवावेत.

रिव्हेटचे शास्त्र

रिव्हेट म्हणजे एक माथे असलेला मऊ धातूचा खिळा. माथ्यावर हवेच्या दाबाची गन ठकठक करते. पलीकडच्या शेपटीला पोलादाचा गुळगुळीत ठोकळा धरलेला असतो, त्याला डॉली म्हणतात. शेपटी चेपून तेथे दुसरे माथे तयार होते. त्याचे माप ठरलेले आहे: रुंदी व्यासाच्या दीडपट, उंची निम्मी. त्यासाठी ठोकण्यापूर्वी शेपटी पत्र्याबाहेर व्यासाच्या दीडपट असावी लागते. लांब राहिली तर ती वाकून आडवी पडते. आखूड राहिली तर माथे भरत नाही. कमी ठोकला तर रिव्हेट सैल. जास्त ठोकला तर तो चपटा होऊन फुटतो आणि भोवतालचा पत्रा फुगतो.

सैल रिव्हेट काही दिवसांनी स्वतःच कबुली देतो. तो विमानात हलत राहतो, घासून त्याची काळी भुकटी होते आणि वाऱ्याबरोबर माथ्यामागे काळपट रेघ उमटते. इंग्रजीत अशा रिव्हेटला 'धूर सोडणारा' म्हणतात. जाणता मनुष्य उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी घालताना ही रेघ शोधतो.

हे काम पुष्कळदा दोघांचे असते. पंखाच्या आत हात घालून कोणी डॉली धरायची, बाहेरून दुसऱ्याने गन चालवायची. कित्येक घरांत डॉली धरणारे हात बायकोचे किंवा मुलाचे असतात. दोघांना एकमेकांचे काम दिसत नाही. म्हणून शब्द ठरवून घ्यावे लागतात: धरले, चालव, थांब. डॉली तिरकी झाली तर शेपटी तिरकी होते. गन थांबण्याआधी डॉली उचलली तर पत्र्याला पोचा येतो. गनचे टोक घसरले तर माथ्याशेजारी चंद्रकोर उमटते. दोषी कोण, यावर त्या क्षणी संसारात वादंग माजू शकते. परंतु चंद्रकोर कोणाचीही बाजू घेत नाही.

आता बिघडलेल्या रिव्हेटचे काय करायचे? येथे या साऱ्या विद्येतला सर्वांत मोलाचा धडा आहे. तो काढण्यासाठी माथ्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल चालवावे लागते. हात जरा चळला की ड्रिल मऊ रिव्हेट सोडून पत्र्यात शिरते आणि गोल भोकाचा इंग्रजी आठ होतो. मग मोठा रिव्हेट घालावा लागतो. मोठ्या रिव्हेटला कडेपासूनचे अंतर पुरत नाही. मग सबंध तुकडाच बदलावा लागतो. म्हणून अनुभवी माणसे आधी माप घेतात. रिव्हेट दिसायला वाईट पण मापात असेल तर त्याला हात लावीत नाहीत. मापाबाहेर असेल तर काढतातच; पण तेव्हा, सावकाश, ताज्या हाताने. सुंदर आणि सुरक्षित या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांतली कोणती आपण जपतो आहोत, हे स्वतःला विचारण्याची सवय येथे लागते.

लहान चूक मोठी कशी होते

पाऊण मिलिमीटरच्या पत्र्यावरील एका ओरखड्याचे एवढे स्तोम कशाला, अशी शंका येईल. इतिहास पाहू.

ब्रिटनचे कॉमेट हे जगातले पहिले प्रवासी जेट विमान. १० जानेवारी १९५४ रोजी त्यांतले एक एल्बा बेटाजवळ समुद्रावर आकाशातच फुटले. ३५ माणसे गेली. ८ एप्रिलला दुसरे नेपल्सजवळ पडले, २१ गेली. मग फार्नबरो येथे एक सबंध विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात दाब भरण्याचा आणि सोडण्याचा प्रयोग झाला. प्रत्येक उड्डाणात विमानाचे अंग फुगते आणि आकसते. ते येथे पुन्हा पुन्हा केले. पूर्वीची खरी आणि टाकीतली मिळून ३,०५७ उड्डाणे झाल्यावर ते अंग फाटले. धातूही थकतो, हे जगाने त्या टाकीत पाहिले. एकदाच दिलेला मोठा जोर तो सोसतो. लहान जोर हजारदा दिला तर थकतो, आणि थकवा सुरू होतो तो भोकाच्या किंवा कोपऱ्याच्या कडेपासून.

दुसरे उदाहरण जपानचे. १९७८ साली ओसाका येथे उतरताना एका बोइंग ७४७ विमानाची शेपटी धावपट्टीला घासली. मागच्या बाजूच्या दाब अडवणाऱ्या भिंतीची दुरुस्ती बोइंग कंपनीच्या माणसांनी केली. आराखड्याप्रमाणे सांध्यात एक सलग जोडपट्टी हवी होती. प्रत्यक्षात पट्टी दोन तुकड्यांत बसवली गेली आणि जेथे रिव्हेटच्या दोन ओळींनी भार घ्यायचा तेथे तो एकाच ओळीवर पडला. काम बंद झाले, वरून सारे ठाकठीक दिसले. विमान सात वर्षे आणि सुमारे बारा हजार उड्डाणे चालले. १२ ऑगस्ट १९८५ रोजी ती भिंत फुटली. ५२४ पैकी ५२० माणसे मेली. रिव्हेटची एक ओळ!

तिसरे उदाहरण घरगुती विमानांचेच आणि अगदी अलीकडचे. अमेरिकेत ओरेगन राज्यात रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी काढलेली कंपनी घरी जोडायच्या विमानांचे सुटे भाग पुरवते. तिच्या नमुन्यांची दहा हजारांहून अधिक विमाने उडाली आहेत. भोके आधीच पाडलेले पत्रे मिळत असल्यामुळे वर सांगितलेल्या कित्येक चुका टळतात, हे तिचे मोठे उपकार. कोरोनाच्या साथीच्या सुमारास मागणी फार वाढली. पुरवठा वेळेत व्हावा म्हणून काही भागांची भोके ठोकून पाडण्याऐवजी लेझरच्या किरणाने कापून घेण्यात आली. लेझर गोल फिरून जेथे सुरू होतो तेथेच थांबतो आणि त्या जागी कडेला सूक्ष्म खाच राहते. चपट्या माथ्याचा रिव्हेट बसावा म्हणून भोकाभोवती खळगी दाबली की, त्या खाचेतून चिरा निघू लागल्या. कापडवाल्याचा छेद पुन्हा आलाच! २०२३ साली हे सारे उघड झाले. ग्राहकांना भाग बदलून देण्याची पाळी आली आणि इतरही अडचणींच्या भाराने त्या वर्षअखेर कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागावे लागले. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली. या प्रकरणात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चिरा डोळ्यांना पडल्या त्या स्वतःच्या खोलीत बसून एकेक भोक निरखणाऱ्या हौशी माणसांच्या. ज्याला विमानात बसायचे असते तो भोक निरखतो.

चूक लपते कोठे?

आता आमच्या मुख्य मुद्द्यावर येऊ. वरच्या सर्व चुका कारखान्यातही होतात. भोक वाकडे जाते, रिव्हेट तिरका बसतो. मनुष्याच्या हातून चूक होणारच. प्रश्न एवढाच की, झालेली चूक उजेडात येते की पत्र्याखाली जाते?

घरी बांधणाऱ्याला ती पत्र्याखाली घालण्याचा मोह होतोच. दोन महिन्यांचे काम आणि पदरचे पैसे त्या तुकड्यात गुंतलेले असतात. म्हणून त्या लोकांनी स्वतःवर तीन बंधने घालून घेतली आहेत. पहिले: पंखाची किंवा अंगाची शेवटची बाजू झाकण्यापूर्वी दुसऱ्या जाणत्या माणसाला बोलावून आतले दाखवायचे. त्यांच्या संघटनेने यासाठी अनुभवी स्वयंसेवक नेमलेले आहेत. ते घरी येतात, बिजलीच्या प्रकाशात आत डोकावतात आणि स्पष्ट बोलतात. दुसरे: थकव्यात काम करायचे नाही. रात्री पहिली चूक झाली की हत्यारे खाली ठेवायची, कारण दुसरी चूक पहिली सुधारण्याच्या नादात होते. तिसरे: टाकाऊ पत्र्यावर आधी हात बसवायचा, वाया गेलेला पत्रा हा खर्च न मानता शिक्षणाची फी मानायची.

आमच्या कामगारापाशी या तिन्ही गोष्टी असतात काय? त्याची पाळी संपते तेव्हा त्याचा हात थकलेला असतो आणि तेव्हाच ओव्हरटाइमची हाक येते. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, ती पुष्कळांना कामगारांवरची मेहेरबानी वाटली. ती त्या कारखान्याचा माल वापरणाऱ्या प्रत्येकाची राखण होती. १९३६ च्या वेतन कायद्यात, ताब्यात सोपवलेल्या मालाचे कामगाराच्या निष्काळजीपणाने नुकसान झाल्यास पगारातून कापण्याची मुभा होती. मात्र त्याला आधी खुलासा करण्याची संधी दिली पाहिजे, अशी अटही होती. २०१९ च्या वेतनसंहितेतही ती कपात शिल्लक आहे. मुभा मालकाच्या लक्षात राहते, अट मात्र विसरली जाते, हे आम्ही अनेक फाटकांवर पाहिले आहे. बिघडलेला जॉब दाखवला की पैसे कापतात, हे एकदा कळले की जॉब दाखवणे बंद होते. मालकाचा पत्रा वाचतो, आणि चीर गिऱ्हाइकाच्या घरी जाते.

याचा अर्थ कामगार नेहमी निर्दोष, असे आम्ही म्हणत नाही. 'चालतंय, कोण पाहतंय' हे वाक्य आमच्या बांधवांच्या तोंडीही पुष्कळ असते, आणि ते ऐकले की आम्ही त्यांना जपानच्या त्या भिंतीची गोष्ट सांगतो. संघटनेचे काम हक्क मागण्याचे खरे. परंतु वाईट काम करण्यास नकार देणे हाही एक हक्कच आहे आणि तो मागण्यासाठी आधी चांगले काम ओळखता आले पाहिजे.

विमानक्षेत्राने या बाबतीत एक वाट दाखवली आहे. १९७६ साली अमेरिकेत अशी व्यवस्था सुरू झाली की वैमानिक, मेकॅनिक, कोणीही आपल्या हातून झालेली चूक विश्वासाने कळवू शकतो. ती वेळेवर कळवली आणि जाणूनबुजून वा गुन्हेगारी स्वरूपाची नसली, तर पुष्कळदा तिच्यासाठी शिक्षा होत नाही. चूक कळवणाऱ्याला वाचवले की पुढची शंभर माणसे वाचतात, हा त्यामागचा हिशेब. हा हिशेब फक्त आकाशात लागू पडतो असे थोडेच आहे? आपल्या एस. टी.च्या ब्रेकला, इमारतीच्या लिफ्टला, शाळेच्या छपराला, घरातल्या गॅसच्या नळीलाही तो लागू आहे. या सर्वांत कोठे तरी एक भोक आहे, एक सांधा आहे, आणि तो झाकण्यापूर्वी पाहणारा कोणी तरी मनुष्य आहे किंवा नाही.

आपण नागरिक वस्तू घेताना भाव विचारतो, रंग पाहतो, हमीचा कागद मागतो. याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी, असे आम्हांस वाटते. ही वस्तू करणाऱ्या माणसाला 'हा तुकडा बिघडला, दुसरा द्या' असे निर्भयपणे म्हणता येत होते काय? घरी विमान बांधणाऱ्याला तसे म्हणता येते, कारण त्याच्यापुढे साहेब नसतो आणि मागे रिकामे आसन त्याची वाट पाहत असते. कारखान्यातल्या कामगाराच्या डोक्यावर साहेब असतो आणि आसनावर बसणारा त्याला कधी दिसत नाही. म्हणून ते आसन त्याच्या डोळ्यांपुढे उभे करणे आणि साहेबाची भीती मधून काढणे, ही दोन्ही कामे आपल्या सर्वांना मिळून करावी लागतील. पत्र्याला दोन्ही गोष्टी सारख्याच कळतात: हाताचे कसब आणि हाताची भीती.